बाउतिस्ताने पुसलेली खूण

फर्मिन ओल्सिनाने जन्मात मोठी स्पर्धा जिंकली नाही. व्यावसायिक टेनिसपटू म्हणून तो निम्मं जग हिंडला, पण बहुतेक ठिकाणी पहिल्याच फेरीत गाशा गुंडाळून परतला. तरी निवृत्तीनंतरही लाल मातीची ओढ काही सुटली नाही. हॉटेलातल्या त्या एकट्या रात्रीसुद्धा त्याला परत हव्या होत्या, आता बोला! पण उद्या खुब्याचं ऑपरेशन होतं. त्यानंतर रॅकेट हातात धरायची नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

म्हणून आल्कोय या त्याच्या गावच्या टेनिस क्लबातला हा शेवटचा रविवार. समोर बाउतिस्ता, गावातला बेकरीवाला, लहानपणापासूनचा मित्र आणि वैरी. त्याच्याकडून एक शेवटचा डाव हिसकावून घ्यायचा, एवढंच फर्मिनच्या मनात होतं.

मातीवर चेंडू टेकला की ठसा उठतो. तो आत असेल तर ज्याच्या बाजूला पडला त्याने बुटाने पुसायचा आणि गुण द्यायचा, असा तिथला रिवाज. बाउतिस्ताने सुखासुखी कधी ठसा पुसला नाही. गुडघे टेकून बघायचा, फर्मिनला जाळीपलीकडून ओढून आणायचा, आईची शपथ घालायचा.

"आटपा रे लवकर!" कोर्टाशेजारी चुलीवर भात चढवून बसलेली फर्मिनची बायको रेमेई ओरडली. "झाला की वाढणार मी, तुमच्यासाठी थांबणार नाही. मग बसा उपाशी!"

"वाढायला घे, वहिनी! तुझ्या चॅम्पियनला हरवायला कितीसा वेळ लागतो?"

पण शेवटी मॅच पॉइंट आला तो फर्मिनचा. दुखरा पाय विसरून त्याने जीव एकवटून फटका मारला. चेंडू लांब गेला. रेषेच्या चांगला वीतभर बाहेर पडलेला त्याने स्वतः पाहिला. तरी 'आत! आत!' म्हणत तो नेहमीसारखा भांडायला निघाला.

बाउतिस्ताने खाली पाहिलं आणि घाईघाईने ठशावर बूट फिरवला.

"आत होता. जिंकलास, लेका."

फर्मिन जागीच थांबला. "बाहेर होता, बाउतिस्ता."

"माझ्या बाजूचा निकाल मी देणार. चल, भात गार होईल."

"वीतभर बाहेर होता! माझी कॉलर धर, ओढत ने मला तिथे. शिव्या घाल ना रे!"

बाउतिस्ता मान वर करेना. त्याचे डोळे भरून आले होते.

आता रॅकेट धरायची नाही, हे डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा फर्मिनचा विश्वास बसला नव्हता. तो आता बसला.