मधला आकडा

नववीच्या वर्गाला मी कॉम्प्युटरवर ठोकळ्यांचा गेम शिकवत होतो. खेळायला नव्हे, गणितासाठी. कोडमध्ये तीन आकडे लिहिले की गेममध्ये बरोबर त्या जागी ठोकळा बसतो. गेममधला आपला माणूस कुठं उभा आहे, तेही पडद्याच्या कोपऱ्यात तीन आकड्यांत दिसतं. त्रिमितीय निर्देशक फळ्यावर कितीही घसा फोडला तरी कळत नाहीत, इथं पोरं आपसूक शिकतील असं मला वाटलं. नारायणगावच्या बाजूची पोरं, म्हणून द्राक्षाचा मांडव बांधायला घेतला. आधी खांब, मग वर तारा.

फळ्यावर लिहिलं: पहिला आकडा लांबी, दुसरा रुंदी, तिसरा उंची. कॉलेजात मी असंच शिकलो होतो. गेम आदल्या दिवशी उघडून बघायची तसदी काही घेतली नव्हती.

मागच्या बाकावरून एका मुलीनं हात वर केला. तिचे आईवडील दिवाळीनंतर मेंढरं घेऊन कोकणात उतरतात. ती शाळेसाठी पिंपळवंडीला मावशीकडे राहते. जूनपासून तिनं वर्गात तोंड उघडलं नव्हतं.

"सर, आपला माणूस उडी मारतो तवा मधला आकडा वाढतोय. उंची मधीच असंल."

ऐकून घ्यायला माझं काय जात होतं? पण एवढ्या पोरांसमोर कुणीतरी आपली चूक काढतंय, एवढंच मला कळलं. "इथं मेंढरं हाकायची नाहीत," मी म्हणालो, "गणित करायचंय. बस खाली."

वर्ग खदाखदा हसला. ती बसली.

मग मी कोड चालवला. मोठ्या पडद्यावर सगळे खांब गवतावर आडवे पडले. पोरं पुन्हा हसली, या वेळी मला. नाचता येईना अंगण वाकडं. "सॉफ्टवेअरमध्ये घोळ आहे," असं सांगून मी मोकळा झालो.

शाळा सुटल्यावर एकट्यानं गेम उघडला आणि त्या माणसाला उडी मारायला लावली. मधला आकडा वाढला. आणखी सात-आठ उड्या मारून पाहिल्या, कुठंतरी ती चुकली असेल म्हणून. त्या आशेची मला आजही सगळ्यात जास्त लाज वाटते.

दुसऱ्या दिवशी उंची मधल्या आकड्यात धरून शिकवलं, जणू मला आधीपासूनच ठाऊक होतं. मांडव झकास उभा राहिला. पोरांनी टाळ्या वाजवल्या. तिचं मनही राखलं जावं आणि माफीही मागावी लागू नये, म्हणून मी तिलाच उभं केलं.

"सांग बरं, उंची कितवा आकडा?"

तिनं पडद्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "तुमी म्हणाल तो, सर."

आवाजात उर्मटपणा नव्हता. असता तर बरं झालं असतं. 'माझं चुकलं' हे दोन शब्द अगदी ओठांवर आले होते, वर्ग शांत होता, ती उभीच होती. मी "बरोबर, बस" म्हणालो आणि पुढचं उदाहरण घेतलं.