शिंक आली, मासा बोला

मढच्या शाळेत शिकवायला मी रोज वेसाव्याहून बोटीने जायचे. सुकाणूवरच्या म्हाताऱ्याचं नाव कधी विचारलं नाही, सगळे त्याला तांडेल म्हणत. पाच मिनिटांची खाडी, पण त्याचे नियम सात समुद्रांचे. बोटीत जांभई द्यायची नाही, दर्यालाही झोप येते. छत्री मिटताना मढकडे पाठ करायची नाही, गाव रुसतं. आणि कुणी शिंकलं, की ओला अंगठा सदऱ्याला पुसत तो म्हणायचा,

"शिंक आली, मासा बोला,
दर्या करील रस्ता खुला."

मग टायवाला साहेबसुद्धा मुकाट्याने "पापलेट" म्हणायचा.

"हे खरं असतं का हो, तांडेल?" मी एकदा विचारलं.

"मीच रचतो, बाई. माणूस मासा आठवत बसला की पाण्याला घाबरायचं विसरतो."

एका सकाळी दाट धुक्यात, खाडीच्या मधोमध इंजिन बंद पडलं. दोन्ही किनारे नाहीसे झाले, बोट जणू ढगात तरंगत होती. कुणीच शिंकलं नव्हतं. तरी तांडेल डोळे मिटून पुटपुटत होता, "बोंबील, बोंबील, बोंबील." जन्म दर्यावर काढलेल्या त्या माणसाला दुसरा मासाच आठवत नव्हता.

मी त्याच्या शेजारी सरकले आणि हळूच म्हणाले, "सुरमई."