ताईने दोरा ओवला

परवा ताईकडे गेले, तेव्हा ती खिडकीशी बसून सुईत दोरा ओवत होती. ताई म्हणजे माझी थोरली बहीण. तीस वर्षं ब्लाउज शिवते. करोनातून उठली आणि पाठोपाठ काळी बुरशी झाली, त्यात तिचा उजवा डोळा काढावा लागला. एका डोळ्याला अंतराचा अंदाज पटकन येत नाही. सुरुवातीला चहा कपाऐवजी बशीत पडायचा, जिन्याची पायरी चुकायची. तिचं शिवणकाम आता संपलं, असं आम्ही ठरवूनच टाकलं होतं. तिला मात्र कुणी विचारलं नव्हतं.

मला राहवेना. "आण, मी ओवून देते," म्हणत मी हात पुढे केला.

"अगं, दोरा ओवताना तुम्ही एक डोळा मिटताच ना?" ताई शांतपणे म्हणाली. "माझा मिटलेलाच आहे. तेवढे कष्ट वाचले."

दोनदा दोरा हुकला, तिसऱ्यांदा आरपार गेला आणि ती खुदकन हसली. तिचं काय गेलं, तेच आम्ही बघत बसलो होतो. जे उरलं होतं ते तिनं कधीच कामाला लावलं होतं. हसता हसता माझे दोन्ही डोळे भरून आले, आणि तिला स्वच्छ दिसणारी सुई मला दिसेनाशी झाली.