बोटीला भोक हाय

खरं तर ही गोष्ट मी स्वतः सांगायला नको. पण आमचा मन्मथअप्पा ती लातूरभर तिखटमीठ लावून सांगत फिरतो, तेव्हा म्हटलं, आपल्याच तोंडून गेलेली बरी. तीस वर्षांच्या नोकरीत केली नव्हती एवढी घोडचूक मी निवृत्तीनंतर चार महिन्यांत केली. चहा घ्या, आणि हसायचं ते शेवटी हसा.

मी पाटबंधारे खात्यात कारकून होतो. धरणा-तलावांच्या फायली या टेबलावरून त्या टेबलावर नेण्यात जन्म गेला. कुठल्या तलावात किती पाणी, ते झोपेतसुद्धा सांगीन. पण गुडघ्याच्या वर पाण्यात कधी उतरलो नाही, आणि पोहायला तर आजही येत नाही. तरी निरोपसमारंभात गळ्यात हार असताना माझ्या डोक्यात एकच होतं. आपली स्वतःची मोटारबोट असावी.

आता लातूरच्या माणसानं बोट घ्यायची म्हणजे काय, ते तुम्हाला सांगायला नको. आमच्या गल्लीत नळाला पाणी आलं की लोक एकमेकांना फोन करून कळवतात. माझी बायको सुमन, सरकारी दवाखान्यात नर्स होती, मोजकं बोलते. ती म्हणाली, "बोट चालवणार कुठं? बादलीत?"

पण तिचाच भाऊ मिलिंद नायगावकडं राहतो. त्याच्या गावाला तलाव आहे, मासेमारीची सोसायटी आहे आणि तो तिचा सचिव आहे. तो म्हणाला, "दाजी, आणा तुम्ही. परवानगीचं आपण बघू." परवानगीचे कागद मी दहा दिवसांत करून आणले. या सगळ्या प्रकरणात मी नीट केलेलं तेवढं एकच काम, म्हणून सांगून ठेवतो.

मोबाइलवर जाहिरात दिसली. देगलूरजवळ एक मोईनभाई होते. त्यांनी काही वर्षं एका तलावावर लोकांना बोटीतून फेऱ्या मारून आणायचा धंदा केला, आता बंद केला होता. एक फायबरची बोट, मागं लटकवायचं इंजिन, खाली ट्रॉली, सगळं विकायचं होतं. मी सोबत मन्मथअप्पाला घेतलं. अप्पा मूळचा उदगीरचा. लातुरात त्याचं सरकी-पेंडीचं दुकान आहे, आणि घासाघीस करायला त्याच्यासारखा माणूस नाही.

रस्त्यात मी अप्पाला बजावलं, "तू फक्त भावाचं बघ. पाण्यातली वस्तू आहे, बाकीचं मला कळतंय."

"तुला पाण्यातलं कवापासून कळायलं?" अप्पा म्हणाला.

"तीस वर्षं पाटबंधाऱ्यात काढली मी."

"हाव, पर खुर्चीवर काढली की."

मी दुर्लक्ष केलं.

मोईनभाई माणूस साधा. त्यांनी चहा दिला, बोटीवरची ताडपत्री काढली. मी बोटीभोवती दोन चकरा मारल्या. ट्रॉलीच्या टायरला लाथ मारून बघितली. बोटीवर टिचक्या मारल्या. मग विचारलं, "किती किलोमीटर चालली?"

"साब, इसका किलोमीटर नै रहता," मोईनभाई म्हणाले. "इंजन कित्ते घंटे चला, वो देखते."

मी मान हलवली, जणू काही त्यांची परीक्षाच घेत होतो आणि ते पास झाले.

त्यांनी पाण्यानं भरलेल्या पिंपात इंजिन बुडवून चालू करून दाखवलं. आवाज छान होता. ते म्हणाले, "चलो, तालाब पे डालके बताता." अप्पाही म्हणाला, "चल की, म्हस घेताना दूध काढून बघतेत का न्हाई?" मी म्हणालो, गरज नाही. तलावावर गेलो असतो तर मला बोटीत बसावं लागलं असतं, आणि तिथं पोहता येत नाही हे उघड झालं असतं.

मग मी वाकून बोटीच्या मागच्या बाजूला बुडाशी बघितलं. काय दिसलं असेल?

भोक. चांगलं अंगठा जाईल एवढं, गोल.

मी हळूच उभा राहिलो. हात झटकले. फायलीतली चूक सापडली की साहेबासमोर मी जसा उभा राहायचो, तसाच. "मोईनभाई," मी म्हणालो, "बोटीला भोक हाय."

"हौ साब, वो तो पानी निकालने का..."

"मला शिकवू नका. पाणी आत येतं कसं आणि बाहेर जातं कसं, यातच माझी हयात गेली."

"साब, सुनो तो..."

"अहो, दोष सापडला की प्रत्येक विकणारा असंच बोलतो. हे भोक बुजवायचा खर्च कोण करणार?"

मोईनभाईंनी माझ्याकडं बघितलं, मग अप्पाकडं. ते अप्पाशी कानडीत काहीतरी बोलले. अप्पानं कानडीतच उत्तर दिलं. त्या सीमेवरच्या लोकांना तीन-तीन भाषा येतात, मला कानडीतलं अक्षर कळत नाही. दोघं घासाघीस करताहेत असं मी धरलं. मोईनभाईंनी खांदे उडवले आणि दोन हजार रुपये कमी केले.

निघताना त्यांनी फडक्यात बांधलेली एक पितळी वस्तू माझ्या हातात ठेवली. "इसकू गुमाना नक्को, साब." ती मला इंजिनाचा जादा पार्ट वाटली. घरी आल्यावर मी ती समोरच्या खोलीत काचेच्या कपाटात ठेवली आणि आल्यागेल्याला दाखवली.

दुसऱ्या दिवशी बालाजीला बोलावलं. बालाजी फायबरच्या पाण्याच्या टाक्या दुरुस्त करतो. त्यानं भोकात बोट घालून बघितलं. म्हणाला, "काका, हे फुटल्यालं न्हाई. आतून आट्या हायत, नळाला असतेत तशा. मुद्दाम पाडलंय कुणीतरी."

"मुद्दाम पाडलं असेल तर मुद्दाम बुजव," मी म्हणालो. "चार थर दे."

चार थर दिले. त्यावर बोटीचाच निळा रंग मारला. भोक कुठं होतं ते मलाही सापडेना.

श्रावण संपता संपता बोट नायगावकडं नेली. तलाव काठोकाठ भरलेला. सोसायटीचे वीस-पंचवीस जण जमले होते. मिलिंद चालवायला, त्याच्या शेजारी त्याची बायको, मागं सुमन आणि मी. लाइफ जॅकेट मी घरातूनच घालून निघालो होतो, तेही सांगून टाकतो.

तुम्हाला वाटलं असेल, बोट बुडाली. नाही. बदकासारखी तरंगली. पाण्याचा एक थेंब आत आला नाही. दोन फेऱ्या झाल्या. सुमननं पाण्यात हात घातला आणि माझ्याकडं बघून चक्क हसली. छत्तीस वर्षांच्या संसारात ती माझ्या एखाद्या खरेदीवर खूश झाल्याचं मला आठवत नाही.

तेवढ्यानं मी चढलो. काठावर आल्यावर त्या लोकांना मी जुनी बोट कशी घ्यावी यावर भाषण दिलं. बूड तपासा, वाकून बघा, विकणाऱ्याचं ऐकू नका. ज्यांचा जन्म पाण्यावर गेला त्यांना मी सांगत होतो. ते बिचारे पाहुणा म्हणून ऐकत होते.

मग आभाळ भरून आलं. जेवायला मिलिंदच्या घरी जायचं होतं. बोट ट्रॉलीवर घेतली आणि मी म्हणालो, सोसायटीच्या शेडला लावून ठेवा, आडोसा होईल. शेडला पत्रे होते. बोट बरोबर पत्र्यांच्या पागोळ्यांखाली उभी राहिली, हे माझ्या ध्यानात आलं नाही.

दोन तास पाऊस नुसता कोसळला. आम्ही परत आलो तेव्हा अख्ख्या पत्र्याचं पाणी बोटीत उतरलेलं. बाकं पाण्याखाली गेली होती. एवढ्या वजनानं ट्रॉलीचं एक चाक काळ्या मातीत रुतलं होतं, आसातून कुरकुर आवाज येत होता आणि बोट एका अंगाला कलत चालली होती. आस मोडला असता तर बोट खाली येऊन फुटलीच असती. बादल्या लावल्या, पण बोटीच्या तळाला टाकलेल्या फळ्यांच्या खालचं पाणी बादलीत येईना, आणि वरून पागोळ्या चालूच.

सोसायटीतले सगळ्यात म्हातारे गंगाराममामा शांतपणे पुढं आले. "सायब, बूच काढा की."

"कसलं बूच?"

"हिच्या बुडाला भोक असतंय. पाणी साचलं की बूच काढायचं, तलावात सोडताना घट्ट लावायचं."

माझ्या डोळ्यांसमोर काचेचं कपाट आलं. त्यातली ती पितळी वस्तू आली.

"भोक होतं मामा," मी म्हणालो. "मी बुजवलं."

"बुजवलं?"

"चार थर."

मामांनी तंबाखू थुंकली. मग म्हणाले, "छिन्नी आणा रे कुणीतरी."

छिन्नी-हातोडा आला. फोडायचं कुठं, ते एकट्या मलाच अंदाजानं माहीत होतं, म्हणून चिखलात उताणा मीच झोपलो. बालाजीनं काम इतकं चोख केलं होतं की अर्धा तास लागला. शेवटचा थर फुटला आणि ती धार थेट माझ्या तोंडावर आली. सुमन छत्री घेऊन उभी होती. छत्री इंजिनावर धरली होती.

बोट वाचली. पाणी ओसरेपर्यंत मी मिलिंदच्या लुंगीवर शेडमध्ये बसलो आणि अप्पाला फोन लावला.

"अप्पा, त्या दिवशी मोईनभाई कानडीत काय म्हणले?"

"म्हणले, भोक पाणी काढायचंच असतंय, सायबाला समजावून सांगू का?"

"मग?"

"मी म्हणलो, थांबा, दोन हजार सुटू द्या. मग मी सांगतो."

"मग सांगितलं कामून न्हाईस?"

"सांगायलो होतो की. देगलूरपासून लातूरपर्यंत सांगायलो होतो. तू बोलायचा थांबलास कुठं?"

पुढं बालाजीनं नव्या आट्या बसवल्या. दोन हजार सुटले होते, साडेचार गेले. बोट आता नायगावकडंच असते, सोसायटीच्या कामाला येते, आणि महिन्याकाठी सुमन आणि मी जाऊन एक फेरी मारून येतो.

परवा भोकरहून एक गुरुजी आले. मिलिंदच्या ओळखीचे. त्यांना जुनी बोट घ्यायची होती. म्हणाले, "सर, बघायला येता का संगं? तुमचा अनुभव मोठा हाय. फक्त एक विनंती. तिथं तुम्ही बोलू नका. नुसतं उभं राहा."

गेलो. तासभर गप्प उभा राहिलो. विकणाऱ्यानं न विचारता सगळं सांगितलं. इंजिन किती तास चाललं, कुठं घासली, कुठं जोडली, बूच कुठलं. तलावात सोडून दाखवली, आणि गुरुजींना ती पसंतही पडली. शेवटी तो माझ्याकडं बघत गुरुजींच्या कानाशी लागला.

"हे काका बोलत न्हाईत काय हो?"

"बोलतात की," गुरुजी म्हणाले. "पर लई महाग पडतंय."