रोज नव्यानं बांधणारी मशीन

मी चौथीपर्यंत शिकलेला, तरी बारामतीच्या त्या कॉम्प्युटर क्लासातल्या सगळ्या मशिनी सकाळी मीच चालू करायचो. शिपाई होतो, पण किल्ल्या माझ्याकडं होत्या. नव्वद सालानंतरची गोष्ट. आता आठवायचाही शीण होतो.

माझी लेक बी.एस्सी. झालेली. कोपऱ्यातल्या जुन्या मशीनवर तिनं वर्ष घालवलं. माणसानं लिहिलेलं मशीनच्या भाषेत करून देतो तो कंपायलर. तिनं लिहिलेला कंपायलर एवढा लहान, की तो आणि मशीन चालवणारी सगळी सिस्टीम, ती नुसत्या मजकुरात, एकाच फ्लॉपीत मावायची. बटण दाबलं की कंपायलर मजकूर वाचायचा आणि सिस्टीम तिथल्या तिथं बांधायचा. तोवर पडद्यावर नुसत्या ओळी पळायच्या. मशीन अडकली समजून मी दोनदा बंद केली.

"आबा, हात लावू नका. बांधतंय ते."

"मग एकदाच बांधून ठेव की. रोज कशाला?"

"तुमी वाघर रोज का लावत होता?"

वाघर म्हणजे मेंढरं कोंडायची जाळी. आमची मेंढरं होती तेव्हा रोज मुक्कामाला लावायची, सकाळी घोड्यावर लादायची. जसं रान, तशी लहानमोठी.

क्लासचे सर तिला म्हणाले होते, माझ्यासमोर चालवून दाखव, क्लासात शिकवायला नोकरीवर घेतो. नाहीतर ती वालचंदनगरला दुकानात उभी राहणार होती.

दाखवायच्या दिवशी क्लासातली पोरं भोवती जमली. बटण मीच दाबलं. ओळी पळाल्या आणि मधेच थांबल्या.

"अडकलं," सर म्हणाले. त्यांचा हात बटणाकडं गेला. मी मनगट धरलं.

"आबा, सोडा," लेक म्हणाली.

"आधी तिचं होऊ द्या."

फ्लॉपी कुरकुरली. ओळी पुन्हा निघाल्या आणि पडद्यावर क्लासचं नाव आलं. सर म्हणाले, "हे बदलून दाखव." तिनं मजकुरातली एक ओळ बदलली, मशीन बंद करून परत लावली. या वेळी सर हात मागं बांधून उभे राहिले. नवं नाव आलं.

तिला घेतलं. मग मला म्हणाले, "चारचौघांत हात धरलात. माफी मागा."

"मागत न्हाय."

लेक खाली बघत होती. मी किल्ल्या टेबलावर ठेवल्या आणि सायकलनं कन्हेरीला घरी आलो.

दुसऱ्या दिवशी ती डबा घेऊन निघाली. मी पडूनच होतो.

"आबा, सर म्हणत होते, नुसतं या. माफीचं काय बोलू नका."

मी कूस बदलली.

"दाराजवळच्या मशीनचं बटण घट्ट हाय," म्हणालो. "जरा जोरानं दाब."