रानदेवाची लाल माती

नारायण पेठेत दादामियाँचं बूटदुरुस्तीचं दुकान आहे. दुकान कसलं, एक माणूस बसेल आणि दुसरा अंग चोरून उभा राहील एवढीच जागा. पण दारावरची पाटी अस्सल पुणेरी: ‘बूट धुऊन आणू नयेत.’ बाकी सगळीकडे स्वच्छ बूट मागतात आणि या गृहस्थांना चिखल हवा! कारण सोल बदलण्याआधी ते तो वाचतात. डोंगर चढणारी मंडळी त्यांच्याकडे लांबून लांबून येतात. दादामियाँ चष्मा कपाळावरून नाकावर ओढणार, बुटाचा तळ उजेडात धरणार आणि सांगणार, “टाच मागून झिजलीय. उतरताना घाबरला होतात. आणि हे शेण? वाट चुकून कुणाच्या गोठ्यात शिरला होतात काय?” गिऱ्हाईक ओशाळं हसायचं, कारण तसंच झालेलं असायचं. गंमत म्हणजे हे स्वतः त्रेसष्ट वर्षांत पर्वतीच्या पायऱ्यांपलीकडे काही चढले नव्हते.

तर या विद्येनंच त्यांचा घात केला.

समोरच्या इमारतीत बाळ सहस्रबुद्धे राहतात, बँकेतून निवृत्त झालेले. तीस वर्षं चारचा चहा दोघांनी मिळून घेतला, आणि चहापेक्षा टोमणे जास्त घेतले. तीन वर्षांपूर्वी बाळरावांच्या हृदयाचं ऑपरेशन झालं. त्यातून उठल्यावर हा माणूस एकटाच भोरच्या पलीकडचा रानदेव डोंगर चढून आला आणि पेढ्यांचा पुडा घेऊन थेट दुकानात हजर. दादामियाँनी पेढा बाजूला ठेवला आणि आधी बूट मागितले. रानदेवाचा माथा लालभडक आहे, अगदी एसटीतूनसुद्धा दिसतो. बाळरावांच्या बुटांना काळी माती होती, शेळ्यांच्या लेंड्या होत्या, पण लाल कण औषधालासुद्धा नव्हता.

“बाळराव,” दादामियाँ म्हणाले, “पेढे शिखराचे, की खालच्या धनगरवाड्याचे?”

दुकानात तीन गिऱ्हाइकं होती. तिघंही खो खो हसली. बाळरावांनी बूट पायात चढवले, “आपण जाणकार आहात,” एवढंच म्हणाले आणि निघून गेले. त्यानंतर ते गल्लीच्या पलीकडच्या बाजूनं चालायला लागले.

दादामियाँ मनात म्हणायचे, खोटं तो बोलला, मी कशाला जाऊ? पण घरून त्यांची बायको आबेदाबी चहा अजून दोन कपांचाच पाठवायची. दोन्ही कप एकट्यानं प्यायचे आणि रात्रभर पित्तानं तळमळायचं, अशी तीन वर्षं गेली. चार वाजले की त्यांचे डोळे आपसूक समोरच्या जिन्याकडे जायचे. बाळरावांशिवाय त्यांना करमत नव्हतं, हेच खरं. कबूल कोण करणार?

शेवटी नात बोलली. अफशीन कर्वेनगरच्या कॉलेजात शिकते आणि जिभेनं आजोबांच्या वरताण आहे. “दादाअब्बा, तुम्ही दुसऱ्यांचे डोंगर तपासता. स्वतः एक तरी केलाय का? चला, मी येते सोबत.”

झालं! दादामियाँच्या डोक्यात किडा वळवळला. रानदेव चढायचा, लाल माती बुटांना घेऊन यायची आणि बूट बाळरावांच्या नाकासमोर धरायचे: माथा पाहिलेला बूट असा दिसतो. त्यासाठी त्यांनी स्वतःसाठी नवे बूट शिवले. सोलच्या खाचा मुद्दाम खोल ठेवल्या, माती नीट भरून यायला हवी ना!

स्वारगेटहून पहिल्या गाडीनं दोघं निघाली. दोन तासांची चढण चढून धनगरवाड्यात पोचेपर्यंत दादामियाँच्या छातीचा भाता झाला होता, तरी चेहरा खुशीत. सात घरं, काट्यांचं कुंपण, शेळ्यांचा कलकलाट. कचरू नावाच्या धनगरानं ताक दिलं, वाट दाखवली आणि म्हणाला, “जोडं हितं काढा, बाबा.”

“काढा? अहो, हे खास वर न्यायला शिवलेत!”

“वर रानदेव हाय. त्येच्या मातीवर जोडं चालत न्हाईत. पुण्याचं असू द्या न्हायतर मुंबैचं, समदी हितंच काढत्यात.”

“सगळे?”

“समदी.” कचरूनं कुंपणाकडे बोट दाखवलं. तिथं आदल्या दिवसापासून वर मुक्कामाला गेलेल्या पोरांचे बूट ओळीनं टांगले होते.

दादामियाँ एक बूट हातात धरून मटकन खाली बसले. अफशीनच्याही लक्षात आलं. ती हळूच म्हणाली, “मग बाळआजोबा खरंच वर गेले होते?”

“बुटांवरून कधीच कळणार नव्हतं गं,” दादामियाँ म्हणाले. “तो सांगत होता. तीस वर्षांचा दोस्त तोंडानं सांगत होता, आणि मी त्याचे बूट बघत बसलो. गाढव आहे मी.”

मग ते उठले आणि अनवाणी चढले. या अल्ला, काय ते खडे! दर दहा पावलांना ‘आई गं’ आणि दर वीस पावलांना काटा. अफशीन हसून हसून बेजार. माथ्यावर पोचले तेव्हा भणाण वारा सुटला होता, समोर धरणाचं पाणी चमकत होतं आणि पायांखाली कुंकवासारखी माती होती. दादामियाँना इतका आनंद झाला की ते लहान मुलासारखे तिथंच नाचले. उतरून धनगरवाड्यात आल्यावर पाय न धुताच त्यांनी मोजे चढवले, अगदी जपून.

संध्याकाळी घरी न जाता ते लंगडत बाळरावांचा जिना चढले. दार बाळरावांनीच उघडलं. दादामियाँ तिथंच पायरीवर बसले, मोजे काढले आणि दोन्ही तळवे वर केले.

“रानदेव,” ते म्हणाले. “बूट खालीच काढावे लागतात. मला ठाऊक नव्हतं. माझं चुकलं, बाळराव. पण तुम्ही तेव्हाच का नाही सांगितलंत?”

“ज्याला माझं सांगणं पुरत नाही, त्याला बूट कुठं काढले त्याचा हिशेब कशाला देऊ?” बाळरावांनी वाकून तळवे निरखले. “माती बरी आहे. वरची, की खालून विकत आणलीत?”

दादामियाँचे डोळे भरून आले आणि त्याच वेळी त्यांना हसूही आवरेना. बाळराव आत गेले. बराच वेळ खुडबुड ऐकू आली. मग ते आपले जुने बूट घेऊन बाहेर आले. टाचा पार गेलेल्या, शिवण उसवलेली, आणि खाचांत काळी माती तशीच, वाळून दगड झालेली.

“सोल बदलायचेत,” ते म्हणाले. “धुतलेले नाहीत.”