लूमचं क्रियापद

जनूदादा पर्याय आधी वाचूच द्यायचा नाही. इंग्रजीचं वाक्य आणि त्यातली रिकामी जागा तेवढी उघडी, खालचे चारही शब्द त्याच्या पंजाखाली. बोटांना मशीनचं तेल, त्यामुळे माझ्या सरावाच्या पुस्तकात पानोपानी त्याचा अंगठा उमटलेला. म्हणायचा, "आधी तुझा मराठी शब्द घाल. मंग खाली त्याचा भाऊ हाय का बघ."

जनार्दन भोईर अंबाडीकडचा. भिवंडीत नारपोलीला यंत्रमागाच्या कारखान्यात जॉबर होता, म्हणजे बिघडलेले लूम दुरुस्त करणारा. आमच्याच चाळीत खोली घेऊन राहायचा. सरकारी कारकुनाची परीक्षा तो दरसाल द्यायचा आणि दरसाल इंग्रजीत अडकायचा. मीही तीच परीक्षा द्यायचं ठरवलं, तेव्हा आई म्हणाली, "जनूकडं जा, त्याला परीक्षेची सवय हाय." तिनं टोमणा मारला नव्हता, पण मला तो तसाच लागला.

सकाळी शिफ्ट संपवून आला की तो ओट्यावर भिंतीला टेकून डोळे मिटायचा. मी वाक्यं वाचायची. मध्येच तो गप्प झाला की मी विचारायची, "दादा, झोपलास काय?"

"न्हाय. रिकाम्या जागेत हाय."

एकदा 'टायर्ड'च्या पुढे 'ऑफ' की 'फ्रॉम', यावर माझं डोकं चालेना. त्यानं डोळे न उघडताच सांगितलं, "फ्रॉम म्हंजे अंग दमलं. ऑफ म्हंजे जीव कंटाळला." मग म्हणाला, "माझ्या वाक्यात दोन्ही बसतात."

वयाच्या अटीमुळे त्या वर्षीची परीक्षा त्याची शेवटची होती. शेठची बोलणी खाऊन त्यानं आठवडाभर सुट्टी काढली. "ह्या खेपेला न्हाय झालं, तर पाना सुटत न्हाय हातातून," एवढंच बोलला.

आमचं दोघांचं केंद्र ठाण्यात एकच आलं. पेपर सुटल्यावर फाटकापाशी तो कधी नव्हे तो हसत उभा होता. "डेंजर, रिकामी जागा, ओव्हर द टाउन. काय लिवलंस? मी पर्याय झाकले. संकट गावावर काय करतं? कोसळतं! खाली फॉल्स होताच. लूम्स पण दिला होता, बोल. म्हटलं, भिवंडीवाल्यांची मस्करी करतात!"

मी 'लूम्स'वर खूण केली होती. 'मीपण फॉल्सच' म्हटलं असतं, तर निकालापर्यंत तरी तो हसत राहिला असता. पण त्यानंच मला शब्द शिकवले होते. त्याला खोटा शब्द देववेना.

"दादा, लूम्सच बरोबर. संकट अजून कोसळलं नाही, पण डोक्यावर घोंघावतंय, त्याला म्हणतात."

"आठ वर्षं लूमच्या पोटात हात घालतोय," तो म्हणाला. "त्याचं क्रियापद असतं, हे कुणी बोललंच न्हाय."

परतताना बस कशेळीला ट्रॅफिकमध्ये अडकली. तो खिडकीबाहेर बघत होता. माझी जीभ का झडली नाही, असं मला झालं.

निकालात माझं नाव होतं, त्याचं नव्हतं. तो त्या एका शब्दानं गेला की आणखी दहा शब्दांनी, हे कळायला मार्ग नव्हता. मला मात्र तो एकच शब्द दिसायचा. चार दिवस मी त्याच्या दाराकडे फिरकले नाही. पाचव्या दिवशी आईनं पेढे हातात देऊन ढकललं. तो ड्युटीवर निघायच्या बेतात होता.

"मला फार वाईट वाटतंय, दादा."

"वाक्य परत वाच," तो म्हणाला. "तुला नोकरी लागली. वाईट बसत न्हाय इथं."

मला रडू फुटलं. तो दारात तसाच उभा, थकलेला, वाट बघत.

"खूश आहे मी," मी कसंबसं म्हटलं.

"आता बरोबर." त्यानं पेढा तोंडात टाकला, पान्यांची पिशवी उचलली आणि शिफ्टला गेला.